एकोणतीस जणांत सव्विसावा

सबमिशनचा आठवडा होता. जर्नलमधल्या शेवटच्या तीन एक्सपेरिमेंटवर सही बाकी, मशीन्सची ओरल दोन दिवसांवर, आणि संध्याकाळी मेसमधून वर येते तोच आईचा फोन. बाबांच्या पोटात सकाळपासून दुखतंय, ओवा झाला, हिंगाचं पाणी झालं, आता पोट फुगलंय आणि उलट्या थांबत नाहीत. तालुक्याच्या हॉस्पिटलात आणलंय. दादा नोकरीसाठी लांब गुजरातेत, त्याला पोचायला दुसरा दिवस उजाडणार. रेक्टर मॅडमनी रजेच्या वहीत माझं नाव स्वतःच लिहून घेतलं आणि मी शेवटची एसटी पकडली.

पोचले तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. बाबांना जुना हर्निया होता. पट्टा बांधून, कुणाला न सांगता, त्यांनी तो काही वर्षं रेटला होता. त्यात आतडं अडकलं होतं. सर्जन म्हणाले की सकाळपर्यंत थांबण्यात अर्थ नाही, अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर ते सडतं. मग भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम आल्या. वयाने माझ्या मावशीएवढ्या असतील. त्यांनी फॉर्म पुढे केला आणि घाई असूनही नीट समजावून सांगितलं.

एरवी भूल द्यायची तर पेशंट सहा-आठ तास उपाशी लागतो. इथे पोट गच्च भरलेलं, आतडं अडकल्यामुळे पुढे काही सरकतच नाही. माणूस बेशुद्ध झाला की खोकला आणि ठसका जातो. त्या वेळी पोटातलं वर आलं तर ते सरळ फुप्फुसात उतरतं आणि ते जिवावर बेततं. म्हणून बेशुद्ध होणं आणि श्वासनलिकेत नळी बसणं, यांच्यामध्ये वेळ जवळजवळ उरताच कामा नये. त्यासाठी एक इंजेक्शन आहे. साधारण मिनिटभरात अंगातला प्रत्येक स्नायू सैल पडतो, जबडा उघडतो, स्वरतंतू हलायचे थांबतात आणि नळी आत घालता येते. पाच-दहा मिनिटांत त्याचा असर आपोआप ओसरतो. पण तेवढा वेळ पेशंट स्वतः श्वास घेऊ शकत नाही. तेवढा वेळ त्याच्या श्वासाची जबाबदारी आमची.

आईने एवढंच ऐकलं की श्वास बंद करणार. ती उठून बाकावर जाऊन बसली आणि फॉर्मला हात लावेना. मग सही मी केली. आयुष्यात कॅम्पस आणि बँक सोडून कुठे सही केलेली नव्हती. पेन कागदावर टेकलं तेव्हा मनात एकच प्रश्न होता, की हे पाच-दहा मिनिटांत ओसरतं हे यांना इतकं खात्रीने कसं काय माहीत?

ऑपरेशन झालं, बाबा बरे झाले. हे आधीच सांगून टाकते, कारण हा लेख बाबांवर नाही. त्या प्रश्नाचा माग काढताना मला जो माणूस भेटला त्याच्यावर आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा कुरकुरायला लागले. पोट दुखतंय ते ठीक, पण मान, खांदे, बरगड्या का दुखतात? दिवसभर कुदळ चालवल्यासारखं अंग ठणकतंय म्हणे. राउंडला आलेल्या भूलवाल्या मॅडमना मी विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या की हे त्या इंजेक्शनचं, सक्सिनिलकोलीनचं, सगळे डॉक्टर त्याला स्कोलिन म्हणतात. स्नायू सैल पडण्याआधी तो एकदा सगळ्या अंगभर थरथरवतो, म्हणून काही पेशंटचं अंग पुढे दोन दिवस दुखतं. मग त्यांनी विचारलं, तू काय शिकतेस? इलेक्ट्रिकल म्हटल्यावर त्यांनी माझ्याच हातातल्या औषधाच्या चिठ्ठीमागे एक चित्र काढलं. एका टोकाला मेंदू आणि मज्जारज्जू, तिथून निघालेली नस, दुसऱ्या टोकाला स्नायू, आणि नस व स्नायू यांच्यामध्ये एक बारीकशी फट. म्हणाल्या की हे औषध फक्त या फटीत काम करतं. आणि विषाचा घाव नसेच्या अगदी शेवटी बसतो हे पहिल्यांदा ज्याने शोधलं, त्याने तुमच्यासारखंच फॉल्ट फाइंडिंग केलं. नाव बघ त्याचं, क्लोद बर्नार.

हॉस्टेलला परत आल्यावर ओरल दिली (ती कशी गेली ते विचारू नका) आणि लायब्ररीत जाऊन बर्नार शोधायला लागले.

क्लोद बर्नारचा जन्म १२ जुलै १८१३ चा, फ्रान्समधल्या बोझोले भागातल्या सेंट-जुलियाँ नावाच्या खेड्यात. वडील द्राक्षमळ्यात राबणारे. घरची परिस्थिती बेताची. धर्मगुरूंच्या शाळांत शिक्षण झालं, पण त्यात विज्ञान जवळजवळ नव्हतंच. विशीच्या आत शाळा सुटली आणि पोरगा ल्योन शहराच्या एका उपनगरात औषधाच्या दुकानात उमेदवारीला लागला. झाडलोट करायची, बाटल्या धुवायच्या, जवळच्या पशुवैद्यक शाळेत औषधं पोचवायची. त्या काळी थेरियाक नावाचं एक सर्वरोगहारी औषध खपायचं. त्या दुकानात उरलंसुरलं, खराब झालेलं जे काही असेल ते त्यात घातलं जायचं, आणि लोक ते विश्वासाने विकत न्यायचे. औषध नेमकं कुठे आणि काय करतं हे कुणालाच ठाऊक नाही, ही गोष्ट त्या वयातच त्याच्या डोक्यात बसली असावी.

त्याचं लक्ष मात्र नाटकात. संध्याकाळी थिएटर गाठायचं, रात्री लिहायचं. रोन नदीचा गुलाब अशा अर्थाच्या नावाचं त्याचं एक छोटं प्रहसन ल्योनला रंगमंचावर आलं आणि बऱ्यापैकी चाललंही. मग काय, गडी पेटला. पाच अंकी ऐतिहासिक नाटक लिहिलं, दुकानाची नोकरी सुटली आणि १८३४ मध्ये ते बाड घेऊन त्याने पॅरिस गाठलं. तिथे सेंट-मार्क जिरार्दँ नावाच्या मोठ्या समीक्षकाला ते दाखवलं. त्याने वाचून सल्ला दिला की औषधांच्या दुकानात काम केलंच आहेस, तर आधी वैद्यक शिकून पोटाची सोय कर, नाटकं फावल्या वेळात लिही.

आपल्याकडे असा सल्ला ऐकून किती जण इंजिनिअरिंगला आलेत, हात वर करा!

बर्नारने सल्ला मानला. पण वर्गात तो काही चमकला नाही. गप्प, लाजाळू, लेक्चरमध्ये हरवलेला असा विद्यार्थी. १८३९ मध्ये हॉस्पिटलातल्या इंटर्नच्या जागांसाठी स्पर्धा परीक्षा झाली. २९ जण निवडले गेले, त्यात बर्नारचा नंबर २६ वा. पुढे १८४३ मध्ये डॉक्टरकीची पदवी मिळाली. १८४४ मध्ये तो अध्यापकपदाच्या परीक्षेला बसला आणि नापास झाला. त्याचं बोलणं अडखळतं होतं, तोंडी परीक्षेत छाप पडायची नाही. आपल्या ओरलच्या दिवशी हे आठवायला हरकत नाही.

फरक पडला तो हाताने. इंटर्न म्हणून तो फ्रँस्वा माजँदीच्या हाताखाली आला. माजँदी हा त्या काळचा नावाजलेला शरीरक्रियाशास्त्रज्ञ, कुठल्याही सिद्धान्तावर विश्वास न ठेवणारा, प्रयोगात दिसेल तेवढंच खरं मानणारा. बर्नारचं विच्छेदनाचं कसब बघून त्याने १८४१ मध्ये कॉलेज द फ्रान्समधल्या आपल्या प्रयोगशाळेत त्याला मदतनीस केलं. प्रयोगशाळा म्हणजे एक दमट, अंधारी, तळघरासारखी खोली. पण तिथे बर्नारला पहिल्यांदा आपलं काम सापडलं.

आता येते ती विषाची गोष्ट.

दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन आणि ओरिनोको खोऱ्यांतले आदिवासी शिकारीसाठी बाणाच्या टोकाला क्युरारे नावाचं विष लावायचे. वेलींपासून बनवलेलं काळं, चिकट. प्राण्याला बाण नुसता लागला तरी तो थोड्याच वेळात लुळा पडून मरायचा, पण त्याचं मांस खाल्लं तर माणसाला काही होत नसे. युरोपात हे विष कुतूहल म्हणून पोचलेलं होतं. १८१४ मध्ये लंडनला एका गाढविणीला ते टोचलं गेलं. तिचा श्वास थांबल्यावर श्वासनलिकेला छेद देऊन भात्याने तासन्‌तास हवा भरत राहिले. विष ओसरलं आणि गाढवीण उठून उभी राहिली! पुढे ती १८३९ पर्यंत जगली. म्हणजे एवढं कळलं होतं की विष श्वास थांबवून मारतं, आणि बाहेरून श्वास दिला तर जीव वाचतो. पण विष नेमकं कुठे बसतं? मेंदूत? नसेत? स्नायूत? हृदयात? हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

१८४४-४५ च्या सुमारास पेलूझ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेहून आलेलं थोडं क्युरारे बर्नारला दिलं. बर्नारने पुढे स्वतः लिहिलंय की तेव्हा त्याच्या मनात कुठलाही अंदाज नव्हता. बेडकाच्या कातडीखाली विष घातलं, बेडूक मेल्यावर लगेच उघडला आणि एकेक भाग तपासायला घेतला. हृदय चालूच होतं. स्नायूला थेट विजेचा झटका दिला तर तो नीट आखडत होता. पण त्याच स्नायूकडे जाणाऱ्या नसेला झटका दिला तर काहीच नाही.

आता तुम्ही सांगा. मोटर चालत नाही. टर्मिनलवर थेट सप्लाय दिला तर फिरते. कंट्रोल पॅनलमधून दिला तर फिरत नाही. मोटर जळलेली नाही एवढं नक्की. मग पॅनल गेलं, केबल तुटली, की शेवटचा कॉन्टॅक्ट बसत नाही? पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगेल की एकेक भाग आयसोलेट करून बघ.

बर्नारने तेच केलं. त्याने बेडकाच्या कमरेभोवती दोरी अशी आवळली की मागच्या पायांकडे जाणारं रक्त बंद झालं, पण पायांकडे जाणाऱ्या नसा दोरीच्या बाहेर, मोकळ्या राहिल्या. म्हणजे वरच्या अर्ध्या अंगात विष पोचणार, पायांत पोचणार नाही, पण वरचा आणि खालचा भाग नसांनी जोडलेला राहणार. मग पाठीत क्युरारे टोचलं. पुढचे पाय लुळे पडले. आता त्या लुळ्या, विषारी भागाच्या कातडीला चिमटा काढला. पुढचे पाय हलले नाहीत. पण मागच्या पायांनी झटक्यात लाथ मारली.

या एका लाथेने किती गोष्टी सिद्ध झाल्या बघा. चिमटा जाणवला, म्हणजे संवेदनेच्या नसा शाबूत. लाथ मारण्याचा हुकूम निघाला, म्हणजे मज्जारज्जू शाबूत. तो हुकूम विषारी भागातूनच वाट काढत पायापर्यंत गेला, म्हणजे हालचालीच्या नसेची मधली तारही शाबूत. मग त्याने वेगळी काढलेली नस आणि स्नायू घेऊन आणखी खात्री केली. एका भांड्यात नुसती नस विषात बुडवली आणि स्नायू बाहेर ठेवला, तर काम चालू. दुसऱ्यात स्नायू बुडवला आणि नस बाहेर ठेवली, तर नसेचा हुकूम स्नायूला पोचेना. फॉल्ट सापडला. नस जिथे स्नायूला भेटते, त्या शेवटच्या टोकाशी. १८५० पासून पुढे त्याने हे प्रयोग प्रसिद्ध केले. त्या टोकाशी नेमकं काय असतं, हे कळायला मात्र १९३६ उजाडलं. नसेचं टोक ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतं आणि ते स्नायूवरच्या कुलपात किल्लीसारखं बसतं, हे तेव्हा लंडनला सिद्ध झालं. क्युरारे त्या कुलपात नुसतंच जाऊन बसतं, फिरत नाही. किल्लीला जागाच राहत नाही.

पण त्या लाथेत आणखी एक गोष्ट होती, आणि ती वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. चिमटा जाणवला होता. विषाने लुळा पडलेला प्राणी मेल्यासारखा शांत दिसतो, पण तो आत जागा असतो. त्याला दुखतं, आणि ते सांगायला त्याच्याकडे एकही स्नायू उरलेला नसतो. हे बर्नारने स्वतः शोधलं, आणि १८६४ मध्ये क्युरारेवरच्या लेखात या मरणाचं भयंकर वर्णनही केलं. आणि तरीही पुढच्या काळात प्राण्यांना नुसतं हलू न देण्यासाठी प्रयोगशाळांत क्युरारे वापरलं गेलं, त्याच्याही प्रयोगशाळेत.

याची किंमत त्याच्या घराने मोजली. १८४५ मध्ये त्याचं लग्न फॅनी मार्तँ हिच्याशी झालं होतं. अध्यापकपदाची परीक्षा बुडालेल्या, कमाई नसलेल्या माणसाचं संशोधन तिच्या हुंड्याच्या पैशावर चाललं, असं सगळे चरित्रकार सांगतात. मुलगे तान्हेपणीच गेले, दोन मुली वाढल्या. फॅनीला नवऱ्याचं काम सहन होत नव्हतं. त्या काळी कुत्री आणि ससे जिवंतपणी, बहुतेकदा भुलीशिवाय, चिरली जात. ईथरची भूल आली तीच मुळी १८४६ मध्ये. नवरा-बायकोत बोलणं तुटलं, १८७० च्या सुमारास दोघं कायमची वेगळी झाली. मुलींनी आईची बाजू घेतली. ज्या माणसाने सगळ्या जगाला शरीर समजावून सांगितलं, त्याच्या घरातली माणसं प्राण्यांवरच्या या प्रयोगांच्या विरोधात उभी राहिली.

बर्नारची बाजू अशी, की जिवंत शरीर कसं चालतं हे मेलेल्या शरीरावरून कळत नाही, आणि माणसावर आंधळेपणाने औषधं आजमावण्यापेक्षा हे बरं. फॅनीची बाजू अशी, की ज्याला दुखतं त्याला दुखतं. मला खरं सांगायचं तर दोघांपैकी एकालाही खोटं ठरवता आलेलं नाही. इंग्लंडने १८७६ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी कायदा केला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की क्युरारेला भूल मानलं जाणार नाही. म्हणजे बर्नारने शोधलेली गोष्टच त्या मुक्या प्राण्यांच्या बाजूने कायद्यात आली.

बाकी त्याची कामं सांगायची तर अख्खा अंक लागेल. स्वादुपिंडाचा रस चरबी पचवतो हे त्याने दाखवलं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो हे दाखवलं. यकृत साखर तयार करतं हेही त्याचंच. त्यातली एक गोष्ट आपल्या प्रॅक्टिकलच्या बॅचने कान देऊन ऐकावी. यकृतातली साखर मोजताना तो प्रत्येक वेळी दोन मापं लागोपाठ घ्यायचा. एकदा वेळ नव्हता म्हणून एक माप तेव्हाच घेतलं आणि दुसरं दुसऱ्या दिवशी. दुसऱ्यात साखर कितीतरी जास्त निघाली. आपण काय केलं असतं? रीडिंग ॲडजस्ट! सरांना ग्राफ सरळ हवा असतो ना. बर्नार मात्र तिथेच थांबला. मेलेल्या यकृतातही साखर बनत राहतेय का? म्हणून त्याने यकृत रक्तवाहिन्यांतून पाणी सोडून पार धुऊन काढलं, त्यात साखरेचा अंशही उरला नाही असं बघितलं आणि ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी साखर परत हजर. ज्या साठ्यातून ती बनत होती तो पदार्थ म्हणजे ग्लायकोजेन, १८५७ मध्ये त्याने वेगळा काढला. न जुळणाऱ्या एका रीडिंगमुळे.

यातूनच त्याची सर्वांत मोठी कल्पना आली. बाहेर थंडी असो की ऊन, उपास असो की जेवण, शरीर आपल्या आतलं वातावरण, म्हणजे रक्त आणि पेशींभोवतीचा द्रव, बऱ्यापैकी स्थिर ठेवतं आणि म्हणूनच आपण मोकळे जगू शकतो. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या वॉल्टर कॅननने याला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात फीडबॅक लूप काढताना लक्षात असू द्या, द्राक्षमळ्यातल्या या पोराने तो शरीरात आधीच पाहिला होता.

१८५४ मध्ये सोर्बोनला त्याच्यासाठी खास अध्यासन झालं आणि विज्ञान अकादमीत निवड झाली, १८५५ मध्ये माजँदीनंतर त्याची जागा मिळाली. पण त्या दमट प्रयोगशाळेने तब्येत खाल्ली. १८६० नंतर पोटाच्या दुखण्याने तो वारंवार अंथरुणाला खिळायचा. मग गावी, आपल्या द्राक्षमळ्यात जाऊन राहायचा. तिथे बसून लिहिलेलं प्रायोगिक वैद्यकाची ओळख करून देणारं पुस्तक १८६५ मध्ये आलं. आपली मतं मनात न ठेवता निसर्गाला प्रश्न विचारा, आणि उत्तर मनाविरुद्ध आलं तर मत सोडा, उत्तर सोडू नका, असा त्याचा सारांश. १८६८ मध्ये फ्रेंच अकादमीने, म्हणजे साहित्यिकांच्या सर्वोच्च संस्थेने, त्याला सभासद करून घेतलं. नाटककार व्हायला आलेला माणूस शेवटी त्या दारातून आत गेलाच, फक्त वेगळ्या वाटेने.

१० फेब्रुवारी १८७८ ला पॅरिसमध्ये तो वारला. सरकारी इतमामात अंत्ययात्रा निघाली, आणि फ्रान्समध्ये असा मान मिळालेला तो पहिला वैज्ञानिक मानला जातो. घर मात्र रिकामंच होतं.

आता परत बाबांच्या इंजेक्शनकडे येते, कारण तिथे एक मजेशीर चूक आहे.

शिकारीचं विष माणसाच्या ऑपरेशनमध्ये पहिल्यांदा नीट वापरलं गेलं ते २३ जानेवारी १९४२ ला, कॅनडातल्या माँट्रियलमध्ये. हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन या डॉक्टरांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये भूल दिलेल्या पेशंटला क्युरारे दिलं. पण क्युरारेचा असर बराच वेळ टिकतो. नळी पटकन घालायची आणि काही चुकलंच तर श्वास लवकर परत यायला हवा, अशा वेळी लवकर लागणारं आणि लवकर उतरणारं औषध हवं होतं. ते औषध १९०६ मध्येच दोन अमेरिकन संशोधकांच्या हातात आलेलं होतं! रीड हंट आणि ताव्हो यांनी सक्सिनिलकोलीन प्राण्यांना टोचून रक्तदाबावर काय होतं ते पाहिलं. पण स्नायू सैल पडतात हे त्यांना दिसलंच नाही. का? तर त्यांचे प्राणी आधीच क्युरारे देऊन लुळे केलेले होते. जे हलतच नाही ते थांबलं हे कळणार कसं? आपल्याच सेटअपने उत्तर झाकून टाकलं. मग ४३ वर्षांनी, १९४९ मध्ये, दानिएल बोव्हे यांनी त्याचा हा गुण ओळखला. १९५१ पासून युरोपात ते पेशंटना द्यायला सुरुवात झाली, आणि १९५७ मध्ये बोव्हे यांना नोबेल मिळालं.

आणि माझ्या त्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. सक्सिनिलकोलीन म्हणजे ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू एकमेकांना जोडलेले. ते त्याच फटीतल्या कुलपात बसतं, पण क्युरारेसारखं नुसतं अडवून बसत नाही. ते किल्ली फिरवतं आणि फिरवलेलीच धरून ठेवतं. म्हणून आधी अंग थरथरतं आणि मग, रिले रिसेट न झाल्यासारखा, स्नायू पुढचा हुकूम घेत नाही. बाबांचे खांदे त्यामुळे दुखत होते. रक्तात एक एन्झाइम असतं, ते या औषधाचे भराभर तुकडे करतं. बरंचसं औषध फटीत पोचण्याआधीच संपतं, उरलेलं तिथून सुटून रक्तात आलं की संपतं. पाच-दहा मिनिटांची खात्री ती ही. पण खात्री आंधळी नाही. काही थोड्या लोकांत हे एन्झाइम जन्मतः सदोष असतं, त्यांच्यात असर तासन्‌तास राहतो आणि तेवढा वेळ त्यांना मशीनवर श्वास द्यावा लागतो. काही दिवसांपूर्वी मोठं भाजलेल्या किंवा खूप दिवस लुळं पडून असलेल्या पेशंटला हे औषध दिलं तर रक्तात पोटॅशियम एकदम वाढून हृदय थांबू शकतं. म्हणून मॅडमनी त्या रात्री आईला विचारलं होतं की घरात कुणाला भुलीचा कधी त्रास झालाय का. आता रोक्युरोनियम नावाचं दुसरं औषधही मोठ्या मात्रेत जवळपास तितक्याच लवकर लागतं, आणि त्याचा असर उतरवणारं सुगॅमॅडेक्सही निघालंय. तरी स्कोलिन अजून गेलेलं नाही.

टाके काढायला बाबांना घेऊन गेले तेव्हा मी मॅडमना विचारलं की तुम्ही त्या रात्री नक्की काय काय केलंत. त्यांनी क्रम सांगितला. आधी काही मिनिटं मास्कने शुद्ध ऑक्सिजन, म्हणजे फुप्फुसात साठा राहतो. मग झोपेचं औषध. लगेच पाठोपाठ स्कोलिन. मदतनीस गळ्यावरचं एक कूर्चेचं कडं बोटांनी दाबून धरतो, म्हणजे अन्ननलिका मिटते. ही युक्ती सेलिक यांनी १९६१ मध्ये मांडली, तिचा कितपत उपयोग होतो यावर आता वाद आहे. मग नळी, आणि नळी बरोबर जागी गेल्याची खात्री. आणि हे सगळं सुरू करण्याआधी नळी गेलीच नाही तर काय करायचं, याची तयारी हाताशी मांडून ठेवायची. झोपेचं औषध आधी का, हे मला विचारावं लागलं नाही. बेडकाची लाथ आठवली. स्कोलिन झोपवत नाही, फक्त थांबवतं. आत जागा असलेला माणूस बाहेरून शांत दिसू शकतो, हे ठाऊक असलेल्या माणसाच्याच हातात ती सिरिंज हवी.

मित्रमैत्रिणींनो, मला कुणी विचारलं की बर्नारकडून काय घ्यायचं, तर मी २६ वा नंबर सांगणार नाही. नंबर कमी आला म्हणून कुणी बर्नार होत नाही, नाहीतर आमच्या विंगमध्ये अर्धा डझन बर्नार आहेत! मी एवढंच सांगेन की बिघाड नेमका कुठे आहे ते शोधल्याशिवाय काहीतरी होतंय यावर समाधान मानू नये. थेरियाकसुद्धा काहीतरी करतच असेल. माझ्या बाबांचा श्वास थांबवायला एक बाई धजावली, कारण तो कुठे थांबतो आणि कसा परत येतो हे तिला ठाऊक होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत ही सगळी गोष्ट मी बाबांना सांगितली. ओसरीवर बसलो होतो, बैल समोर बांधलेले. दोरी, चिमटा, लाथ, सगळं हातवारे करून सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, काय डोकं चालवलं! ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी एवढंच विचारलं की त्या बेडकाला दुखलं असेल का गं.

मी म्हटलं, हो बाबा, दुखलं. त्यानेच तर ते सिद्ध केलं.

बाबांनी मान हलवली आणि बैलांना वैरण टाकायला उठले.